केपी (चुंबकीय वादळाचा ० ते ९ आकडा) २ असताना फिक्स का जातो? कोकणात रोजचा सौर अंदाज कसा वाचायचा

कातळसडा

नमस्कार मंडळी. रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात खाडीकाठच्या खारभूमी बांधांची आरटीके मोजणी (उपग्रहांवरून जागच्या जागी सेंटिमीटरपर्यंत स्थान काढण्याची पद्धत) चालू आहे. बेस (जागचा न हलणारा रिसीव्हर) वर सड्यावर, रोव्हर (फिरता रिसीव्हर) खाली खाजणात, मधले अंतर ५ ते ७ किलोमीटर. दोन्ही रिसीव्हर एल१ आणि एल२ या उपग्रहांच्या दोन रेडिओ वारंवारतांवर चालतात आणि फक्त जीपीएस व ग्लोनास घेतात. बांधाचा पायथा ओहोटीलाच उघडा पडतो. उधाणाच्या दिवसांत ती वेळ येते संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ. ऑक्टोबरचे ऊनही टळते, म्हणून तीच वेळ धरली आहे.

रोज सकाळी अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या अवकाश हवामान केंद्राचा तीन दिवसांचा अंदाज उघडतो, १८-२१ च्या ओळीतला केपी बघतो आणि तो ३ च्या खाली असेल तर माणसे खाली पाठवतो. तरी गेल्या पंधरवड्यात केपी २ असताना चार संध्याकाळी पावणेआठनंतर फिक्स, म्हणजे सेंटिमीटरची पक्की अचूकता, गेला. फ्लोटवर (कच्च्या, ढोबळ स्थानावर) यायचा, वीस-पंचवीस मिनिटांनी परत धरायचा, पुन्हा जायचा. उलट केपी ६ होता त्या दिवशी सगळी संध्याकाळ फिक्स जागचा हलला नाही.

मग पाहायचे काय? केपी नाही तर दुसरा कोणता आकडा, आणि तो किती आधी कळतो? वरून ड्रोनही उडवायचा आहे, तेव्हा वादळाच्या दिवशी त्याच्या होकायंत्रावर किती भरवसा ठेवायचा हेही सांगा.

आयनांबर

आधी वेळेचा घोळ सोडवू. त्या तक्त्यातले तास जागतिक वेळेचे असतात आणि आपले घड्याळ साडेपाच तास पुढे. १८-२१ ची ओळ म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकरा ते अडीच. तुमच्या मोजणीची ओळ १२-१५, म्हणजे संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ. पण ओळ बरोबर वाचली असती तरी निकाल फारसा बदलला नसता, कारण आकडाच दुसऱ्या मुलखाचा आहे.

केपी १३ वेधशाळांच्या नोंदींवरून निघतो आणि त्या साधारण ४४ ते ६० अंश चुंबकीय अक्षांशांवर आहेत. अधिकृत केपी जर्मनीत पॉट्सडॅमला काढतात. ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याच्या बाजूला चुंबकीय क्षेत्र दर तीन तासांत किती हलले, एवढेच तो सांगतो. कॅनडात वा स्वीडनमध्ये मोजणी करणाऱ्याला तो उपयोगी. आपला किनारा चुंबकीय विषुववृत्तापासून जेमतेम १० ते १३ अंशांवर. ते विषुववृत्त भारतात पार खाली, तिरुनेलवेली-तिरुवनंतपुरमच्या बाजूने जाते. आपल्याकडे फिक्स मोडतो तो बहुतेक वेळा वादळाशिवाय, अगदी शांत दिवशी. तो मोडतात प्लाझ्मा बुडबुडे.

सूर्य मावळला की आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा, खालचा भाग भराभर विरतो, पण वरचा दाट थर तसाच राहतो. त्याच सुमाराला विषुववृत्तावर पूर्वेकडे जाणारे विद्युतक्षेत्र थोडा वेळ जोर धरते आणि तो दाट थर आणखी वर उचलते. खाली विरळ, वर दाट, अशी अस्थिर रचना झाली की खालचा विरळ प्लाझ्मा बुडबुड्यासारखा वर घुसतो. तो चुंबकीय बलरेषांना धरून उत्तर-दक्षिण पसरतो. कोकणाच्या माथ्यापर्यंत येण्यासाठी त्याला विषुववृत्तावर साडेपाचशे ते साडेसहाशे किलोमीटर चढावे लागते. सिंधुदुर्गाला कमी उंचीचा बुडबुडाही पोचतो, रायगडापर्यंत यायला तो जास्त चढलेला हवा. बुडबुड्याच्या आत आणि कडेला घनता इतकी फाटलेली असते की उपग्रहाचा सिग्नल सेकंदासेकंदाला वर-खाली होतो. हेच सिंटिलेशन. त्यात रिसीव्हरचा कला-पाठलाग (लहरीच्या टप्प्याचा माग) तुटतो, सायकल स्लिप होते, म्हणजे लहरींची मोजणी चुकते, फिक्सचा फ्लोट होतो.

तुमची वीस-पंचवीस मिनिटांची ये-जा इथूनच येते. बुडबुडे रात्री पूर्वेकडे सरकतात, वेग साधारण सेकंदाला १०० ते १५० मीटर. म्हणजे आपल्याकडे ते अरबी समुद्रावरून येतात, एक जातो, मधे उघडीप मिळते, मग दुसरा येतो. सुरुवात साडेसात-आठला, जोर दहा-अकरापर्यंत, मध्यरात्रीनंतर बहुधा विरतात.

आता कोणता आकडा पाहायचा ते. पहिला हंगाम, दुसरा एफ१०.७. भारताच्या रेखांशावर होकायंत्राचा कल जवळपास शून्य आहे, म्हणून मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सूर्यास्ताची रेघ बलरेषांना समांतर येते. बलरेषेच्या दोन्ही टोकांना एकदम अंधार पडतो आणि वर उचलणारे क्षेत्र सर्वात जोरकस होते. तुमचा ऑक्टोबर ऐन हंगामातला. एफ१०.७ म्हणजे सूर्याचा २८०० मेगाहर्ट्झवरचा रेडिओ प्रवाह. तो कॅनडात पेंटिक्टनला मोजतात आणि दिवसाचा मुख्य आकडा आपल्या रात्री दीडचा असतो. शांत सूर्याला तो ७० च्या आसपास राहतो. हाताशी ठेवायचा ढोबळ ठोकताळा असा: १०० च्या खाली असेल तर कोकणापर्यंत बुडबुडे क्वचित पोचतात. १५० च्या वर आणि महिना मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर, तर पावणेआठनंतरचा फिक्स गृहीत धरू नका. एकाच दिवसाच्या आकड्यावर मात्र जाऊ नका. मोजणीच्या वेळीच सौरज्वाला उठली तर तो फुगतो. पाच-सात दिवसांची सरासरी घ्या.

सध्याचे २५ वे सौरचक्र डिसेंबर २०१९ ला सुरू झाले आणि २०२४ च्या उत्तरार्धात शिखरावर आले. उताराची वर्षेही बुडबुड्यांच्या दृष्टीने निर्धास्त नसतात. एफ१०.७ हळूहळू उतरतो आणि तोवर प्रत्येक ऑक्टोबर तपासूनच घ्यावा लागतो.

चाळीस मीटर

आयनांबर यांनी बुडबुड्यांचे नेमके सांगितले. मी अंदाज वाचण्याची पद्धत मांडतो, कारण बहुतेक लोक रंगीत पट्ट्या पाहून थांबतात आणि खरा मजकूर वाचतच नाहीत.

तीन दिवसांचा अंदाज आणि त्यासोबतचे चर्चापत्रक दिवसातून दोनदा निघते, जागतिक वेळ ००:३० आणि १२:३०. आपल्याकडे सकाळी ६ आणि संध्याकाळी ६. चर्चापत्रकात चार भाग असतात: सूर्यावरची हालचाल, भारित कण, सौरवारा आणि पृथ्वीजवळचे चुंबकीय क्षेत्र. प्रत्येकात आधी मागच्या २४ तासांचा गोषवारा, मग पुढचा अंदाज. पहिल्या भागात सौरडागांच्या गटांचे क्रमांक आणि चुंबकीय वर्ग दिलेले असतात. बीटा-गॅमा-डेल्टा लिहिले असेल तर तो गट गुंतागुंतीचा. डेल्टा म्हणजे विरुद्ध ध्रुवांचे गडद डाग एकाच फिकट कडेच्या आत शेजारी शेजारी, आणि तिथेच मोठ्या ज्वालांचा धोका. मे २०२४ चे वादळ घडवणारा १३६६४ क्रमांकाचा गट असाच होता.

ज्वाला आणि वादळ यांची गल्लत करू नका. ज्वालेचे क्ष-किरण ८ मिनिटांत पोचतात, म्हणजे ज्वाला दिसली तेव्हाच तिचा परिणाम सुरू झालेला असतो. तिचा आधी अंदाज फक्त टक्केवारीत मिळतो. ज्वालेसोबत सीएमई (सूर्याने भिरकावलेला प्लाझ्माचा ढग) सुटले तर तो ढग यायला बहुतेक वेळा एक ते चार दिवस लागतात. त्याची वेळ मॉडेलवरून काढतात आणि तिच्यात १० तास इकडे-तिकडे होणे अगदी नेहमीचे. 'संध्याकाळी ६ ला येणार' असे वाचले तर सकाळी ८ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४ असे समजा. कोरोनल होलमधून (सूर्याच्या प्रभामंडळातल्या विरळ भागातून) येणारा वेगवान वारा त्यामानाने वक्तशीर, कारण सूर्य साधारण २७ दिवसांनी तीच बाजू आपल्याकडे करतो. मागच्या फेरीत कोणत्या तारखेला जोर धरला होता ते वहीत लिहून ठेवले की पुढची तारीख मिळते.

सूचनांमधले तीन शब्द नीट ओळखा. वॉच म्हणजे एक ते तीन दिवसांत शक्यता. वॉर्निंग म्हणजे आता येऊ घातले आहे, बहुधा अवकाशातल्या उपग्रहाने मोजून झाले आहे. अलर्ट म्हणजे उंबरठा ओलांडला, घडते आहे. वादळाच्या पायऱ्या जी ने लिहितात: केपी ५ ला जी१, ६ ला जी२, ७ ला जी३, ८ ला जी४, ९ ला जी५. ज्वालांची प्रतवारी वेगळी (एम आणि एक्स हे ज्वालेचे वर्ग, आर ही रेडिओ अडथळ्याची पायरी): एम१ ला आर१, एम५ ला आर२, एक्स१ ला आर३, एक्स१० ला आर४.

आता कोकणातून ७, १४ किंवा २१ मेगाहर्ट्झवर बोलणाऱ्यांसाठी. ज्वालेने आयनांबराचा सर्वात खालचा थर घट्ट होतो आणि तो लघुलहरी गिळतो. पण किती गिळणार ते ज्वालेच्या आकड्याइतकेच, किंबहुना जास्त, सूर्य आपल्या डोक्यावर किती आहे त्यावर ठरते. हिशेब सोपा आहे. ज्वालेचा क्ष-किरण प्रवाह वॅट प्रति चौरस मीटरमध्ये घ्या, त्याच्या लॉगला (पाया १०) १० ने गुणा, ६५ मिळवा. सूर्याच्या बरोबर खाली असलेल्या जागी कुठल्या मेगाहर्ट्झपर्यंत शोषण जाणवेल ते मिळते. एम१ ला १५, एम५ ला २२, एक्स१ ला २५, एक्स५ ला ३२. मग सूर्याच्या माथ्यापासूनच्या कोनाची कोसाइन घ्या, तिचा ०.७५ वा घात काढा आणि त्याने गुणा.

दोन खऱ्या ज्वाला रत्नागिरीला लावून पाहा. ३ ऑक्टोबर २०२४ ची एक्स९.० आपल्या वेळेने संध्याकाळी ५:४८ ला शिखरावर आली. बातम्या झाल्या. पण रत्नागिरीला सूर्य क्षितिजापासून ८ अंशांवर टेकला होता. हिशेबाने मर्यादा येते जेमतेम ८ मेगाहर्ट्झ. म्हणजे ७ ला त्रास, १४ च्या वर मोकळे. ५ मे २०२४ ची एक्स१.३ आली सकाळी ११:३१ ला. तेव्हा सूर्य माथ्यापासून फक्त १५ अंश ढळलेला, कारण मेच्या पहिल्या पंधरवड्यात तो रत्नागिरीच्या बरोबर डोक्यावरून जातो. मर्यादा २५ मेगाहर्ट्झच्या वर. आकड्याने सातपट लहान असलेली ज्वाला आपल्याला कितीतरी जड. १४ मे २०२४ ची एक्स८.७ तर आपल्या रात्री १०:२१ ला आली, त्या वेळी इथे शोषण शून्य.

म्हणून आर३ ची सूचना दिसली की पहिल्यांदा वेळ पाहा. कोकणात खरी मध्यान्ह घड्याळात १२:३० च्या आसपास असते. सकाळी १० ते दुपारी ३ मधली ज्वाला आपली, बाकीच्या बहुतेक दुसऱ्यांच्या. बँड बंद पडला तर वर सरका. खालच्या वारंवारता आधी जातात आणि सर्वात शेवटी परत येतात. एखाद्या तासात बहुधा सावरते. अँटेना उतरवून कनेक्टर उघडण्यापूर्वी क्ष-किरणांचा आलेख बघावा, आलेखातल्या सुळक्याची वेळ आणि बँड गेल्याची वेळ जुळली तर अँटेना निर्दोष.

दर्यासारंग

बोटीवरच्या व्हीएचएफचे काय? १६ नंबरच्या चॅनलवर याचा परिणाम होतो का?

चाळीस मीटर

नाही दादा. १६ नंबर म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, तो सरळ रेषेत जातो आणि त्याला आयनांबराची गरज नाही. तुमची पोच अँटेनाच्या उंचीवर. जीपीएसचे स्थान मात्र बुडबुड्यांच्या रात्री काही मीटर भटकू शकते. खोल समुद्रात ते चालून जाते, बंदराच्या तोंडाशी खडकांमधून आत शिरताना फक्त प्लॉटरवर विसंबू नका, दिवे आणि खुणा धरा.

खाजणवाट

कातळसडा, अंदाज पुढे-मागे होईल, पण आपल्या रिसीव्हरकडे पाहून कारण ओळखता येते. तीन वेगळ्या गोष्टी एकसारख्या दिसतात, म्हणून घोटाळा होतो.

रोव्हरच्या पडद्यावर उपग्रहागणिक सिग्नलची पट्टी आणि आकाशाचा गोल एकाच वेळी उघडा ठेवा. सिंटिलेशन असेल तर आकाशाच्या एकाच भागातले चार-पाच उपग्रह नाचतात. ४५ वर असलेली पट्टी दोन-चार सेकंदांत ३२ ला येते, परत ४४ ला जाते, आणि त्याच वेळी उत्तरेकडचे उपग्रह शांत असतात. कोकणात नाच बहुधा दक्षिण आणि पश्चिमेकडून सुरू होतो. कलमांची बाग किंवा माडाचा झाप आड येत असेल तर पट्टी घसरते आणि घसरलेलीच राहते, चार पावले सरकलात की सुधारते. आणि शेजारच्या इन्व्हर्टरचा, खराब केबलचा वा रेडिओचा उपद्रव असेल तर त्या वारंवारतेचे सगळे उपग्रह एकदम खाली बसतात. चौथी खूण बेसची: सिंटिलेशनमध्ये सड्यावरच्या उघड्या बेसचीही तीच गत होते. बेसची नोंद उघडून बघाच.

उपाय. फक्त दोन उपग्रहसंचांवर काम करू नका. गॅलिलिओ (युरोपचा) आणि बायडू (चीनचा) चालू करता येत असतील तर करा. आकाशात तीस-पस्तीस उपग्रह असले की एका बुडबुड्याने आठ गेले तरी उरलेल्यांवर फिक्स टिकतो. एल५ ही तिसरी वारंवारता असलेला रिसीव्हर मिळाला तर तो घ्या, त्रासच मिटेल. बेस जवळ ठेवा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कायम स्थानकांच्या जाळ्यावरून सुधारणा घेत असाल तर संध्याकाळी तो मोह टाळा, स्वतःचा बेस २-३ किलोमीटरवर लावा. दोन्हीकडे एक सेकंदाची कच्ची नोंद चालू ठेवा, नंतर बसून प्रक्रिया करता येते.

सर्वात घातक फिक्स जाणे नव्हे, खोटा फिक्स. स्लिपनंतर रिसीव्हर लहरींच्या संख्येचा चुकीचा पूर्णांक धरून बसतो, पडदा हिरवाच दाखवतो आणि उंची १५-२० सेंटिमीटरने गेलेली असते. बांधाच्या माथ्याची पातळी त्यावर काढली तर उधाणाचे पाणी कुठून आत येईल त्याचा हिशेब चुकतो. म्हणून बांधावर एक पक्की खूण ठेवा, दर अर्ध्या तासाने तिच्यावर काठी उभी करा. ३ सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर मधले सगळे बिंदू रद्द.

आणि मुळात संध्याकाळच का? उधाणाच्या दिवशी ओहोट्या दोन. तिथीच्या पाऊणपट ही भरतीची वेळ तुम्हाला ठाऊक असेलच. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वासातच्या सुमाराला आणि संध्याकाळी पावणेआठच्या. संध्याकाळची बरोबर बुडबुड्यांच्या तोंडी, सकाळची मोकळी. दोन्ही ओहोट्यांची पातळी सारखी नसते, तेव्हा आपल्या बंदराच्या तक्त्यातून सकाळची पुरेशी उतरते का ते ताडून घ्या.

आयनांबर

खाजणवाट, बाकी सगळे पटले, एल५ चे मात्र दुरुस्त करायला हवे. सिंटिलेशन वारंवारता कमी होईल तसे वाढते. एल१ १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, एल५ ११७६.४५ वर. तीव्रतेचा निर्देशांक साधारण वारंवारतेच्या दीडव्या घाताने बदलतो, म्हणजे तोच बुडबुडा एल५ ला एल१ च्या दीडपट हलवतो. फायदा दुसरीकडे आहे. एल२ चा जुना सांकेतिक सिग्नल आडमार्गाने वाचणारे रिसीव्हर सर्वात आधी कोलमडतात. एल५ चा सिग्नल जोरकस आणि उघडा, पाठलाग टिकायला बरा. जुन्या एल२ पेक्षा निश्चित चांगला, पण बुडबुड्यातून सुटका देत नाही. उपग्रहांची संख्याच कामाला येते.

दुसरे, लांब बेसलाइनवर (बेस आणि रोव्हरमधल्या अंतरावर) दुपारीही लक्ष ठेवा. २ ते ४ च्या दरम्यान आयनांबर सर्वात दाट असते आणि आपल्याकडे ते उत्तरेकडे वाढत जाते, कारण दाट पट्टा अहमदाबाद-भोपाळच्या बाजूला. १०० एकक दाटीला एल१ वर १६ मीटर विलंब होतो. बेस आणि रोव्हर दोघांनाही सारखा झाला तर तो वजा होतो, फरक उरला तर उरतो. म्हणून तेवढ्याच अंतरावर उत्तर-दक्षिण बेसलाइन पूर्व-पश्चिमेपेक्षा जास्त त्रास देते. किनारा उत्तर-दक्षिण असल्याने आपल्या बेसलाइनही तशाच पडतात.

आता केपी ६ ला शांत संध्याकाळ का गेली. वादळ संध्याकाळला दोन उलट प्रकारे भिडते. सौरवाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक, बीझेड, आपल्या ६ ते ८ च्या दरम्यान एकदम दक्षिणेकडे वळला, म्हणजे उणे झाला, तर विद्युतक्षेत्र थेट विषुववृत्तापर्यंत शिरते, थर आणखी उचलते आणि हंगाम नसतानाही बुडबुडे उठतात. पण वादळ सकाळीच सुरू झाले असेल तर संध्याकाळपर्यंत ध्रुवांकडच्या तापलेल्या वाऱ्यांनी उलट दिशेचे क्षेत्र तयार केलेले असते. ते थर दाबते आणि बुडबुडे उठतच नाहीत. तुमच्या दिवशी बहुधा हेच झाले. सकाळपासूनचा केपी बघा, चढ दुपारआधीचा असेल.

म्हणून संध्याकाळचा निर्णय पावणेसहाला घ्या, सकाळी नव्हे. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला असलेल्या एल१ बिंदूवरच्या (वारंवारतेचा एल१ वेगळा) उपग्रहांचा बीझेड आणि वेग थेट दिसतो. सौरवारा ४०० किलोमीटर प्रतिसेकंदाने येत असेल तर त्या बिंदूपासून इथवर तासभर, ८०० ने येत असेल तर अर्धा तास. बीझेड उणे १० नॅनोटेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्राचे एकक) खाली जाऊन तिथेच टिकला आणि घड्याळात ६ वाजत असतील तर त्या संध्याकाळी फक्त कच्ची नोंद. यापेक्षा आधी बीझेड सांगता येत नाही. आपला आदित्य-एल१ ६ जानेवारी २०२४ पासून त्याच बिंदूभोवती फिरतो आहे आणि त्यावरही चुंबकमापक आहे.

अलिबागकर

होकायंत्राचा प्रश्न मागे राहिला, तो माझ्याकडे. अलिबागला क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला आहे. मोठ्या वादळात तो ३००-४०० ने खाली येतो, म्हणजे एक टक्का. आणि आपल्या अक्षांशावर वादळ मुख्यतः त्याची लांबी कमी करते, दिशा फार फिरवत नाही. पूर्व-पश्चिम ५० नॅनोटेस्ला सरकले असे धरले तरी सुई ०.०७५ अंशाने, म्हणजे चार-पाच कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), फिरेल. ड्रोनच्या होकायंत्राला तो फरक कळतसुद्धा नाही. वादळाच्या दिवशी ड्रोनला भीती असते ती स्थान सुटण्याची.

होकायंत्राला खरा उपद्रव पायाखालच्या दगडाचा. जांभ्यात लोह भरपूर, त्याखाली बेसॉल्ट, आणि बेसॉल्ट स्वतःच चुंबकलेला असतो. उघड्या कातळावर ड्रोन टेकवून कॅलिब्रेशन केले तर चूक काही अंशांची येऊ शकते, वादळाच्या कितीतरी पट. चिऱ्याच्या गडग्यापासून दूर या, लाकडी स्टुलावर किंवा हातात छातीच्या उंचीला धरून फिरवा, खिशातला मोबाइल आणि किल्ल्या बाजूला ठेवा. दोन जागी केलेले कॅलिब्रेशन जुळत नसेल तर जागा बदला.

चुंबकीय स्थिती आपल्याच किनाऱ्यावरची पाहायची तर अलिबागची वेधशाळा आहे. कुलाब्याला १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून १९०४ ला ते काम अलिबागला हलवले, कारण विजेच्या प्रवाहाने नोंदी बिघडल्या असत्या. सप्टेंबर १८५९ च्या महावादळात कुलाब्याच्या उपकरणावर सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण नोंदली गेली. इतक्या खालच्या अक्षांशावरची ती नोंद आजही जगभर अभ्यासली जाते. सध्या हे काम पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

आलेख वाचताना एक चूक टाळा. शांत दिवशीही आडवा घटक सकाळपासून चढतो, अकरा-बाराच्या सुमाराला शिखर गाठतो आणि संध्याकाळी बसतो. हा रोजचा श्वास आहे, साधारण ४०-५० नॅनोटेस्लाचा. वादळाची खूण वेगळी: काही मिनिटांत एकदम वर उडी, मग काही तास सलग घसरण, मग एक-दोन दिवस सावकाश भरपाई. मे २०२४ मध्ये ती उडी १० तारखेला आपल्या रात्री साडेदहाच्या सुमाराला आली आणि तळ ११ तारखेच्या सकाळी आठच्या आसपास. जगाचा केपी ९ झाला, लडाखात हान्लेवरून तांबडे आकाश दिसले. आपली १० तारखेची संध्याकाळ मात्र त्याआधीच सरली होती. तसे पाहता केपीऐवजी डीएसटी हा निर्देशांक आपल्याला जवळचा, कारण तो खालच्या अक्षांशांवरच्या वेधशाळांच्या आडव्या घटकावरून काढतात. उणे ५० ला मध्यम वादळ, उणे १०० ला तीव्र, उणे २५० ला अतितीव्र असे धरतात.

कातळसडा

खूप आभारी आहे सर्वांचा. ओळ चुकीची वाचत होतो हेच मुळात कळले नव्हते. केपी ६ च्या दिवसाचे तास आता काढून पाहिले, पहिला चढ ००-०३ च्या ओळीत, म्हणजे आपल्या सकाळी साडेपाच ते साडेआठला. आयनांबर म्हणाले तसेच.

पुढच्या उधाणाला सकाळची ओहोटी धरतो. पौर्णिमेला ती पहाटे पाचला पडते, तेव्हा चारलाच माणसे उतरवून उजाडेपर्यंत पायथा उरकावा असा विचार आहे. बांधावर दोन खुणा काँक्रीटमध्ये बसवतो आणि बेस खालच्या वाडीत आणतो.

आयनांबर

पहाटे चारचे थोडे सांभाळून. आदल्या संध्याकाळी किंवा रात्री वादळ झाले असेल तर तेच दाबणारे क्षेत्र मध्यरात्रीनंतर दिशा बदलते आणि थर उचलू लागते. अशा पहाटे बुडबुडे २ ते ६ मध्ये उठतात, हंगाम असो वा नसो. शिवाय पहाटे आयनांबर एरवी इतके विरळ आणि शांत असते की रिसीव्हर फिक्स चटकन धरतो आणि माणूस निर्धास्त होतो.

झोपण्यापूर्वी आदल्या १५-१८ आणि १८-२१ च्या ओळी बघा, म्हणजे रात्री साडेआठ ते अडीच. दोन्हीत ४ च्या आत असेल तर चारला उतरा. ५ किंवा वर असेल तर प्रतिपदा-द्वितीया धरा. तेव्हा ओहोटी सूर्योदयाच्या पुढे सरकलेली असते, आणि उजाडल्यावर थर पुन्हा भरून येऊ लागतो.

खाजणवाट

आणि काँक्रीटमधली खूण बसवल्यावर तिची किंमत दुपारी बाराच्या आत, स्टॅटिकवर (रिसीव्हर एकाच जागी स्थिर ठेवून) किमान ४५ मिनिटे बसून काढा. संध्याकाळच्या आरटीकेने काढलेल्या खुणेवर दुसऱ्या दिवशीची तपासणी करू नका, खूण स्वतःच चुकलेली असली तर सगळे जुळल्यासारखे दिसेल.